लेकीच्या घरचे पाणी

मुरगूडच्या धोंडुबाईची लेक अंबूबाई, अंबूबाईची लेक ताराऊ आणि ताराऊची लेक मैनावती. या घराण्यातल्या पुरुषांची नावे सातबाऱ्यावर आहेत. ज्याला हवी त्याने तिथे वाचावीत, इथे त्यांचे काही काम नाही. धोंडुबाई लेकीला भेटायला पायी जाई. डोक्यावर शिध्याचे गाठोडे असे. लेकीच्या दारासमोरच्या चिंचेखाली तीन दगड मांडून ती आपली भाकरी आपण थापी, खाई, हात धुई आणि मगच आत जाऊन लेकीच्या तोंडावरून हात फिरवी. अंबूबाई बैलगाडीने गेली, पण गाठोडे मांडीवरच होते. ताराऊ एस.टी.ने आली, ती शिध्याबरोबर आपल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्याही घेऊन. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचे अन्न तोंडात घालायचे नाही, पाणीसुद्धा घशाखाली उतरवायचे नाही, हा तिघींचा नेम होता आणि तिघींनी तो पाळला. मैनावती, ज्यांना कोल्हापुरात कळंब्याच्या तळ्यापासून मंगळवार पेठेपर्यंत सारे मैनाक्का म्हणून ओळखतात, त्या विमानाने गेल्या. गाठोड्याची सुटकेस झाली, एवढाच काय तो फरक.

धक्का बसला तो अगदी लहानसा होता. क्वालालंपूरच्या विमानतळावर काचेमागे अबोली रंगाचा रुमाल डोक्याला गुंडाळलेली एक मुलगी बसली होती. तिने मैनाक्कांचा पासपोर्ट उघडला, पाने पुढे उलटली, मागे उलटली. प्रत्येक पानावर तोच शिक्का, तीस दिवसांचा, एकापाठोपाठ एक. मैनाक्कांना वाटले, ही इतके शिक्के पाहून कौतुक करील. त्या मुलीने मान वर केली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करीत इंग्रजीत विचारले, आंटी, तुम्ही इथं येता की इथं राहता? मैनाक्का जुन्या मॅट्रिक. प्रश्न त्यांना कळला. लेकीकडे पाहुणी म्हणून आले आहे, असे त्यांनी ताठ मानेने सांगितले. मुलगी हसली. इतक्या वेळा पाहुणी? तिने शिक्का मारला, पण हात लगेच उचलला नाही. पुढच्या खेपेला रीतसर पास काढून या, असे ती हळूच म्हणाली आणि काचेमागून पासपोर्ट सरकवला. सरकत्या जिन्यावरून वर जाताना मैनाक्कांच्या पायांखालची पायरी आपोआप वर जात होती आणि त्या स्वतः तिथेच उभ्या होत्या. येता की राहता. त्यांना कुणी असे कधी विचारले नव्हते. माहेरी त्या येत, सासरी त्या राहत. बाईच्या जातीला तिसरे ठिकाण असते, हे त्यांच्या पिढीत कुणाला ठाऊक होते?

तो महिना सरला, त्या परतल्या, होळी होऊन गेली, तरी तो प्रश्न कळंब्याच्या घरात त्यांच्याबरोबर वावरत राहिला. दुपारी जेवण झाले की त्या माडीवरच्या खिडकीपाशी पलंगावर कलंडत. खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसे. डोळे अर्धे मिटले की त्या पाण्याचा काठ नाहीसा होई आणि ते पसरत पसरत लेक राहते त्या पिनांगचा समुद्र होई. चौदाव्या मजल्यावरून दिसणारा, दुधात हळद पडावी तशा रंगाचा. तिकडल्या खिडकीत उभ्या असताना त्यांना नेमके उलटे होई. समुद्रावर एखादी होडी स्तब्ध दिसली की तो कळंब्याचा तलाव वाटे आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येतो आहे, असा भास होई. दोन्हीकडे त्या दुसरीकडेच असत. या गुंगीत त्यांचे नेहमीचे करडेपण थोडे सैल पडे. घरात हुकूम सोडणारा आवाज आपला नसून भिंतीपलीकडच्या दुसऱ्याच कुणा बाईचा आहे, असे वाटे. आणि त्या बाईला कुणीतरी एकदा सांगायला हवे की, बाई गं, जरा बस.

लेक संयोगिता. ती पिनांगमध्ये चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होती. जावई अमरसिंह तीन वर्षांपूर्वी तिकडेच अचानक गेले. त्याआधी दोन वेळा संयोगिताची कूस भरली होती आणि दोन्ही वेळा रिती झाली होती. अमरसिंहांच्या दिवसांना मैनाक्का गेल्या, तेव्हापासून ही ये-जा सुरू झाली. दर तीन महिन्यांनी महिनाभर. मलेशियाने भारतीयांना बिनव्हिसाचे दार उघडले होते. तिकीट काढावे, उतरावे, तीस दिवस राहावे, निघावे. मैनाक्कांना ही रीत मनापासून पटली होती. कुणाची सही नाही, कुणाचे उपकार नाहीत. तीस दिवसांचा शिधा सुटकेसमध्ये बरोबर मावे: शाळूचे पीठ, तूरडाळ, कांदा-लसूण चटणी, गुळाची छोटी ढेप आणि त्यांचा स्वतःचा बिडाचा तवा. लेकीच्या ओट्यावर त्यांचा वेगळा कोपरा होता. पाण्याचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी सोडवला होता. इमारतीखालच्या दुकानातून त्या स्वतःच्या पैशाने पाण्याच्या बाटल्या आणत. ते दुकानाचे पाणी, लेकीचे नव्हे. संध्याकाळी संयोगिता कामावरून येई आणि आपला भात घेऊन बसे. समोर मैनाक्का आपली भाकरी घेऊन बसत. दोघी एकाच टेबलाशी, दोन गावांच्या असल्यासारख्या जेवत. मैनाक्का मायेने लेकीच्या ताटात भाकरीचा चतकोर टाकत. लेकीच्या ताटातून मात्र काही त्यांच्याकडे येत नसे.

चैत्र सुरू होता होता संयोगिताचा फोन आला. कोल्हापूरच्या पोरींच्या बोलण्यात असते तसे ती अजूनही स्वतःला ‘मी आलो, मी गेलो’ असेच म्हणे. समुद्रापलीकडे जाऊनही ते गेले नव्हते.

“पुढच्या खेपेला कशी येणार हायस?” तिने विचारले.

“जशी येते तशी. त्यात इचारायचं काय?”

“म्हंजे पाहुणी.”

“मग काय वाईट हाय? मानानं जावं, मानानं यावं.”

“आई, मी काय सांगतो ते नीट ऐक. तुझ्या पासाचा अर्ज मी इकडनं भरायचा म्हणतो. माझ्या नोकरीवर निघतो. वर्षभर ऱ्हा, ये-जा कर. तू फकस्त हो म्हण.”

“आणि न्हाई म्हटलं तर?”

“तर येऊ नको.”

मैनाक्का पलंगावर उठून बसल्या. “कुणाला सांगतीयास?”

“तुलाच की. दुसरं कोण हाय मला सांगायला?”

“माझा एवढा कंटाळा आला व्हय तुला?”

“तुझा न्हाई. तुझ्या त्या पिठाच्या डब्याचा. सकाळी उठून चहा टाकायला गेलो की त्यो समोर. रोज एक मूठ खाली. तळ दिसाय लागला की मला कळतं, आता तू बॅग भरणार. घरात घड्याळ बांधून ठेवल्यागत वाटतं. आणि दुसरं एक.”

“काय दुसरं?”

“ऱ्हाऊ दे.”

“बोल म्हणते न्हवं?”

“मला पोर झालं न्हाई, हे मला म्हाईत हाय, आई. तू रोज माझ्यासमोर बसून, आपली भाकरी थापून ते सांगायची गरज न्हाई.”

फोन मैनाक्कांनी ठेवला नाही. तो तिकडूनच बंद झाला. तळ्यावर ऊन लख्ख होते. त्यांनी खिडकी लावून घेतली, मग उघडली, मग पुन्हा लावली. नेम म्हणजे नेम. त्याचे एक टोक आपल्या हातात असते, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या टोकाला कुणी बांधलेले असते, हे आजवर त्यांच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या राजारामपुरीत आरिफच्या दुकानी गेल्या. आरिफ विमानाची तिकिटे आणि व्हिसाची कामे करी. त्याचे वडील करीम याच गाळ्यात घड्याळे दुरुस्त करीत, तेव्हापासून मैनाक्कांच्या सासरचा, साळोख्यांच्या घराचा आणि या दुकानाचा परिचय होता. आरिफने पंखा त्यांच्याकडे वळवला.

“या आक्का, बसा. चहा सांगू?”

“चहा नको. नीट समजावून सांग. बिनव्हिसा जावं की व्हिसा काढून जावं?”

“ते कितीदा जाणार त्यावर हाय. वर्षातनं एकदा लेकीकडं चक्कर मारायची, तर बिनव्हिसाचं बेस. फुकट हाय, कटकट न्हाई. पण ते फिरायला येणाऱ्या माणसासाठी हाय. सारखं त्याच दारातनं आत गेलं की दारावरचा माणूस इचारणारच. एखाद्या दिवशी म्हणतील, बास झालं, माघारी जावा.”

“मला माघारी पाठवणार?”

“तुम्हाला न्हाई ओ, तुमच्या पासपोर्टाला.”

“आणि व्हिसा काढला तर?”

“मग बिनघोर. ताईंच्या नोकरीच्या परवान्यावर तुमचा लांब मुदतीचा पास. वर्षाचा, पुढं वाढतोय. पण त्यात ताई तुमची जबाबदारी घेणार. ऱ्हाणं, खाणं, दवाखाना, समदं त्यांच्याकडं. तुम्ही त्यांच्या आश्रित.”

मैनाक्कांनी पदर सावरला. “काय म्हटलास?”

“सरकारी शब्द हाय, आक्का. माझा न्हाई.”

“साळोख्यांच्या वाड्यात पंगती उठल्यात माझ्या हातच्या. मी आश्रित? दुसरा शब्द घालता येतोय का बघ.”

“बघतो की. मलेशियाच्या सरकारला फोन लावू का?”

त्याच्या शेजारी टायपिंग करणारी मोना नावाची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. मैनाक्काही हसल्या असत्या. पण त्या क्षणी त्या तिथे नव्हत्या. भिंतीवरच्या विमानाच्या चित्राखाली करीमचे एक जुने घड्याळ अजून लटकत होते, बंद पडलेले, आणि त्याच्या काचेत त्यांना उन्हाने भाजलेला एक रस्ता दिसत होता.

त्या रस्त्यावरून ताराऊ आली होती. मैनावतीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. मंगळवार पेठेतले घर भरलेले होते, आणि पहिले मूल जन्मतःच गेले होते. माहेरून कोण येणार म्हणून ती उंबऱ्यात डोळे लावून पडली होती. वैशाखातली दुपार. ताराऊ स्टँडवरून चालत आली, तिचे ओठ पांढरे पडले होते. गाडीत कुणाचा तरी धक्का लागून तांब्या कलंडला होता आणि विहिरीचे पाणी सीटखालून वाहून गेले होते. ती लेकीजवळ बसली, कपाळावर हात ठेवला. हात तापलेला होता. मैनावती भिंतीला धरून उठली. माठातले पाणी पितळी फुलपात्रात भरून तिने दोन्ही हातांनी पुढे केले. “आई, घोटभर घे.” ताराऊने पाण्याकडे पाहिले. एवढे पाहिले की पाणी थोडे कमी झाल्यासारखे वाटले. मग मान हलवली. “अजून न्हाई, बाळा. पुढच्या वर्षी पिईन, तुझं लेकरू मांडीवर घेऊन.” ती तशीच उठली आणि तशीच, कोरड्या घशाने स्टँडकडे गेली. पुढच्या वर्षी मैनावतीला काही झाले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ताराऊ गेली. संयोगिता झाली ती त्यानंतर.

ही हकिकत मैनाक्का सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, जमलेल्या सुनांना आवर्जून सांगत. आमची आई अशी होती. मोडेल पण नेम सोडणार नाही. ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावत. सांगायचे एवढेच राहून जाई की त्या दुपारी आई स्टँडकडे निघून गेल्यावर ते फुलपात्र मैनावतीने ओतून टाकले नव्हते. खिडकीत ठेवले होते. पाणी उडत उडत खाली जात होते, कडेला पांढरी रेघ उमटत होती, आणि ती पडल्या पडल्या त्या रेघेकडे पाहत असे. कुणाचेच झाले नाही असे ते पाणी होते. सासूने एकदा विचारले, हे काय ठेवलंयस? ती म्हणाली, काही नाही.

आरिफच्या दुकानातून रिक्षा निघाली ती कळंब्याच्या तुरुंगावरून. वळणावर रिक्षावाल्याला टायरमध्ये हवा भरायची होती, म्हणून मैनाक्का खाली उतरल्या. तो भेटीचा दिवस होता. तुरुंगाच्या भिंतीच्या सावलीत माणसे बसली होती. कुणी कागद धरून, कुणी पोर मांडीवर घेऊन, काही बायका डबे सोडून. एक बाई डबा उघडून एकटीच जेवत होती. मैनाक्का समोर येऊन उभ्या राहिल्या तशी तिने वर पाहिले.

“बसा की पावणं. ऊन लागंल.”

मैनाक्का कट्ट्यावर बसल्या. “कुठल्या तुम्ही?”

“कबनूरची. ल्योक हाय आत. यंत्रमागावर भांडण झालं, लागलं एकाला. त्याच्या आवडीचं करून आणलं हुतं, मासवडी न्हवं का, पण घरचं आत घेत न्हाईत. दर खेपेला म्हाईत असतंय आणि दर खेपेला आणतो मी. मग हितं बसून मीच खातो.” ती हसली. “आईचं पोट भरतंय. त्येचं काय त्येला ठावं. घ्या की घासभर.”

तिने भाकरीचा तुकडा मोडून त्यावर मासवडी ठेवली आणि हात पुढे केला. मैनाक्कांनी तो घेतला आणि खाल्ला. नाव विचारले नाही, घर विचारले नाही. तिच्या बाटलीतले पाणीही त्या वरून ओतून प्यायल्या. तोंड पुसताना त्यांचा हात मधेच थांबला. जिला त्या पुन्हा कधी पाहणार नव्हत्या, त्या बाईच्या हातचे त्यांनी विचारही न करता खाल्ले होते. आणि जिला नऊ महिने पोटात वागवले, तिच्या हातचा एक घोटही आजवर घेतला नव्हता. समोर ती प्रचंड भिंत उभी होती. भिंतीला लागून या सगळ्या बायका आपापले डबे घेऊन बसल्या होत्या. आपापले आणलेले आपणच खात. क्षणभर मैनाक्कांना चौदाव्या मजल्यावरचे ते टेबल दिसले, आणि तिथेही एक भिंत दिसली, टेबलाच्या बरोबर मधून गेलेली, आणि आपण तिच्या सावलीत भाकरी चुरत बसलेल्या.

रिक्षावाला हाका मारत होता. घरी पोचल्यावर त्यांनी आरिफला फोन लावला.

“तो शब्द राहू दे तसाच.”

“कुठला शब्द, आक्का?”

“आश्रित. लिही. आणि संयूला कळव, मी सांगितलं म्हणावं.”

“तुम्हीच सांगा की.”

“तू कळव म्हणते न्हवं?”

पास यायला दिवस लागले. त्या दिवसांत मैनाक्का पुष्कळ झोपल्या. स्वप्नात धोंडुबाई चिंचेखाली तीन दगड मांडून बसलेली दिसे. चूल पेटत नसे. धूर मात्र इतका की लेकीचे दार दिसेनासे होई. अंबूबाईची बैलगाडी पाण्यावरून चाले. ताराऊ काहीच करीत नसे, फक्त खिडकीतल्या फुलपात्राकडे पाहत असे. मैनाक्का तिला म्हणत, अगं आई, पी ना; आणि ताराऊ म्हणे, अजून न्हाई, बाळा, अजून न्हाई. जाग आली की घसा कोरडा पडलेला असे.

सुटकेस भरायची वेळ आली तेव्हा कामाला येणाऱ्या बाईने सवयीने पिठाचा डबा काढला, डाळ निवडून ठेवली, तवा घासला. मैनाक्का म्हणाल्या, ते सगळे जागेवर ठेव. बाई पाहतच राहिली. सुटकेसमध्ये लुगडी ठेवली, औषधे ठेवली, तरी ती अर्धी रिकामी राहिली, आणि उचलताना इतकी हलकी लागली की त्यांना स्वतःचाच हात परका वाटला. मग माजघरातल्या फडताळातून त्यांनी एक वस्तू काढली, चिंचेने घासली, जुन्या पदरात गुंडाळली आणि मधोमध ठेवली.

विमानात त्यांनी उत्तर पाठ केले होते. अबोली रुमालाची मुलगी विचारील, येता की राहता? आणि आपण सांगू. पण काचेमागे या वेळी कुणी तरुण मुलगा होता. त्याने पास पाहिला, शिक्का मारला, पुढच्या माणसाला बोलावले. मैनाक्का अंमळ तिथेच रेंगाळल्या. कुणी काही विचारले नाही, याचे त्यांना वाईट वाटले.

पिनांगला दार उघडताच संयोगिताने सुटकेस हातात घेतली आणि थबकली. “एवढी हलकी? पीठ कुठाय?”

“न्हाई आणलं.”

“कस्टमवाल्यांनी काढून घेतलं व्हय?”

“माझं काढून घ्यायची कुणाची टाप हाय?”

टेबलावर तिचा भात होता, थोडा मऊ झालेला, आणि पातळ आमटी. सवयीने तिने एकच ताट मांडले होते. मैनाक्का खुर्चीवर बसल्या नाहीत. खिडकीपाशी, समुद्र दिसेल अशा बेताने, फरशीवर मांडी घालून बसल्या. सुटकेस जवळ ओढून, जुन्या पदराची गुंडाळी सोडून त्यांनी पितळी फुलपात्र बाहेर काढले आणि पुढे केले.

“पाणी दे.”

“बाटली संपलीय. खालनं आणतो थांब.”

“बाटलीचं कशाला? तुझ्या घरचं दे.”

लेक उभीच राहिली. मग तिने ओट्यावरच्या नळाखाली फुलपात्र भरले आणि दोन्ही हातांनी आणून दिले. पाणी काठाशी हलत होते. मैनाक्कांनी ते घेतले आणि न थांबता, एका दमात संपवले. पाणी जराही थंड नव्हते. त्याला किंचित गंज आणि समुद्राचा वास होता.

“आई, सावकाश.”

“आणखी दे.”

“एवढी तहान लागलीया?”

“हे माझं झालं,” मैनाक्का म्हणाल्या. “आता दे ते तुझ्या आजीचं. तिचं ऱ्हायलं हुतं.”

संयोगिताने ती हकिकत लहानपणापासून दहा वेळा ऐकली होती. तिने फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरले, आईसमोर बसली आणि या वेळी आपल्या हातानेच तिच्या ओठांना लावले. मैनाक्का घोटाघोटाने, डोळे मिटून प्यायल्या. खिडकीबाहेर पाणी पसरलेले होते. ते समुद्राचे होते की तळ्याचे, हे त्या क्षणी त्यांना सांगता आले नसते आणि सांगायची निकडही नव्हती. पिऊन झाल्यावर त्यांनी टेबलावरचे ताट आणि भांडी खाली मागून घेतली, मऊ भातावर आमटी घेतली आणि म्हणाल्या, “तुझं ताट आण. आणि भात एवढाच केलायस? मला पोटभर लागतोय.”

लेक ताट आणायला उठली. मैनाक्कांनी फुलपात्र फरशीवर पालथे घातले. त्यातून एक थेंबही गळला नाही.